गौरव, तेज व महिमा

इंग्रजी ‘ग्लोरी’ या शब्दाचे तीन प्रमुख मराठी प्रतिशब्द. लॅटिन ‘ग्लोरिआ’ या मूळ शब्दाचा अर्थ कीर्ती वा नावलौकिक असा होता. इंग्रजीत मात्र थोरपणाची मान्यता, दिपवून टाकणारी प्रभा, वैभवाचा कळस व ईश्वरस्तुती असे अनेक अर्थ त्यात एकवटले. ढगावर पडलेल्या विमानाच्या सावलीभोवती दिसणाऱ्या रंगीत वलयांनाही इंग्रजीत हेच नाव आहे. या सर्वांना पुरेल असा एक शब्द मराठीत नाही.

अर्थांची ही गुंतागुंत मुख्यतः बायबलच्या भाषांतरांतून वाढली. हिब्रू ‘कावोद’ हा शब्द ‘जड असणे’ या अर्थाच्या धातूपासून झालेला आहे. ग्रीक भाषांतरकारांनी त्याकरिता ‘दोक्सा’ हा शब्द योजला. त्याचे आधीचे अर्थ ‘मत’ व ‘लौकिक’ असे होते. दैवी तेजाची छटा त्याला या भाषांतरामुळे आली. ‘गौरव’ हा ‘गुरू’ म्हणजे जड या संस्कृत शब्दापासून साधला असल्याने, व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो ग्रीकपेक्षा हिब्रू शब्दाला जवळचा ठरतो. अष्टसिद्धींपैकी ‘गरिमा’ ही याच शब्दकुळातील होय.

लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात मेंढपाळांभोवती फाकलेला दैवी प्रकाश आणि देवदूतांनी गायिलेली स्तुती या दोहोंसाठी ग्रीकमध्ये व इंग्रजीत एकच शब्द येतो. फिनिश भाषांतरात, ज्याची परंपरा मीकाएल आग्रिकोला याच्या १५४८ मधील नव्या करारापासून सुरू होते, पहिल्या ठिकाणी ‘किर्क्काउस’ (लखलखीतपणा) व दुसऱ्या ठिकाणी ‘कुन्निआ’ (मान, प्रतिष्ठा) असे भिन्न शब्द रूढ झाले. मराठी नवा करार श्रीरामपूर येथून १८११ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रचलित मराठी बायबलमध्येही या दोन जागी अनुक्रमे ‘तेज’ व ‘गौरव’ आहेत. इंग्रजी व ग्रीक या मराठीच्याच भाषाकुळातील भाषा. फिनिशचे कूळ निराळे. तरी भेद दाखविण्यात मराठी फिनिशच्या बाजूला जाते.

‘गौरव’ या शब्दाचे वजन मात्र आधुनिक मराठीत घटले आहे. गौरवसमारंभ, गौरवग्रंथ, गौरवनिधी यांसारख्या प्रयोगांमुळे तो सत्काराचा पर्याय बनला, म्हणजे दुसऱ्याने द्यावयाची वस्तू झाला. त्यामुळे देवाच्या संदर्भात तो वाचताना सामान्य वाचकाला सन्मान जाणवतो, अंगभूत थोरवी जाणवत नाही. ‘महिमा’ कोणी कोणास देत नाही. तो असतो आणि गायिला वा वर्णिला जातो. भाषांतरात ‘गौरव’ एकट्यावर सर्व भार टाकणे म्हणूनच सदोष होय.

देशी वापर पाहावयाचा तर बीड तालुक्यातील लिंबागणेश येथील भालचंद्र गणेशाच्या क्षेत्राचे उदाहरण घेता येते. गणेशाच्या शापाने निस्तेज झालेल्या चंद्राने येथे तप केले, अशी परंपरागत कथा आहे. चंद्राला त्याचे तेज परत मिळाले आणि क्षेत्राला महिमा प्राप्त झाला, असेच मराठी माणूस सांगेल. या दोन्ही जागी ‘गौरव’ बसत नाही. इंग्रजीत ‘ग्लोरी’ दोन्हीकडे चालते.