आतल्या माणसांची साक्ष

राष्ट्राध्यक्षाच्या किंवा पंतप्रधानाच्या नेतृत्वाची पारख त्याच्या पदरी राहून बाहेर पडलेल्या माणसांच्या लिखाणावरून करावी, की ते लिखाण दुखावलेल्या सेवकाची कैफियत म्हणून बाजूस ठेवावे, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत वारंवार पुढे आला आहे. जॉन बोल्टन सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारपदावरून दूर झाले आणि जून २०२० मध्ये, अध्यक्षीय निवडणुकीच्या धामधुमीत, डोनाल्ड ट्रम्प यांच्या कारभारावरील त्यांचे पुस्तक बाहेर पडले. पंतप्रधान मनमोहन सिंग यांचे माजी माध्यम सल्लागार संजय बारू यांचे पुस्तक एप्रिल २०१४ मध्ये, लोकसभेचे मतदान चालू असताना आले. दोन्ही ग्रंथांतील माहिती खरी असेल, नव्हे बरीचशी असेलच. परंतु ती नेमकी त्या मुहूर्तावर का प्रकट झाली, हे विचारल्यावाचून वाचकाने पुढे जाऊ नये. महाराष्ट्राला तर या प्रश्नाची किंमत फार पूर्वी मोजावी लागली आहे, कारण आपल्या एका छत्रपतीची, संभाजी महाराजांची, प्रतिमा सव्वाशे-दीडशे वर्षे अशाच साक्षीवर उभी होती.

शिवछत्रपतींचे निधन ३ एप्रिल १६८० रोजी झाले आणि त्याच महिन्यात अण्णाजी दत्तो, मोरोपंत पिंगळे प्रभृती मुत्सद्द्यांनी धाकटे पुत्र राजाराम यांस मंचकी बसवून पन्हाळ्यावरील थोरल्या पुत्रास, संभाजी महाराजांस, अटक करण्याचा घाट घातला. सरनोबत हंबीरराव मोहिते महाराजांच्या बाजूस राहिल्याने तो फसला. रायगड हाती येताच महाराजांनी बहुतेकांस अभय देऊन पुन्हा कामावर घेतले. मात्र १६८१ मध्ये दुसरा कट उघडकीस आला आणि त्यात अण्णाजी दत्तो, बाळाजी आवजी चिटणीस आदींस देहान्त शासन झाले. ही कृत्रिम कथा नव्हे. जेधे शकावलीत त्याची नोंद आहे आणि मुंबईकर इंग्रजांच्या त्या सुमाराच्या पत्रांतही कटाची वार्ता आहे.

याच बाळाजी आवजींच्या वंशातील मल्हार रामराव चिटणीस यांनी १८१०च्या सुमारास सातारकर छत्रपतींच्या आश्रयाने जी बखर लिहिली, तिच्यातील संभाजी महाराज व्यसनी, क्रूर, हलक्या लोकांच्या सल्ल्याने चालणारे आहेत. घराण्याच्या मूळ पुरुषाचा वध करणाऱ्या राजाविषयी सव्वाशे वर्षांनी त्याच घराण्यातील लेखक काय लिहील, याचा अंदाज करणे अवघड नाही. तरीही चिटणिशी दप्तर ज्यांच्या घरी, त्यांचा शब्द प्रमाण, अशा समजुतीने पुढील इतिहासकार, नाटककार व कादंबरीकार तेच चित्र गिरवीत राहिले. राम गणेश गडकऱ्यांचे अपूर्ण राहिलेले 'राजसंन्यास' त्याच परंपरेतले, आणि २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातून गडकऱ्यांचा पुतळा काढून टाकण्यात आला, तो रोषही तेथूनच उगम पावलेला.

द्वेष उघड असला की वाचक सावध होतो; भक्ती मात्र त्याला बेसावध करते. कृष्णाजी अनंत सभासद हे शिवछत्रपतींच्या दरबारचे प्रत्यक्षदर्शी, आणि त्यांची बखर इतर सर्व बखरींहून विश्वसनीय, याविषयी दुमत नाही. पण ती लिहिली गेली १६९७च्या सुमारास, जिंजीत, राजारामांच्या आज्ञेने. तीत मृत्युशय्येवरील शिवछत्रपती थोरल्या पुत्राच्या हातून राज्याची हानी होईल असे भाकीत करतात, धाकट्याचे राज्य वृद्धी पावेल असे सुचवितात आणि संताजी-धनाजींच्या भावी पराक्रमाचेही सूतोवाच करतात. ज्या वेळी सभासद लिहीत होते त्या वेळी संभाजी महाराज मारले गेले होते, राजाराम छत्रपती होते आणि संताजी-धनाजींचा पराक्रम सर्वश्रुत होता. म्हणजे घडून गेलेल्या गोष्टी भाकीत म्हणून मृत राजाच्या मुखी घातल्या गेल्या. राज्यकारभार, किल्ले, लष्कराची शिस्त यांविषयी सभासदांवर मी निःशंक विसंबेन; वारशाविषयी मात्र नाही, कारण तेथे धन्याचा स्वार्थ गुंतलेला आहे.

मग विसंबावे कोणावर? मी राहतो ते काशीगाव साष्टीतले. येथून जवळच घोडबंदरचा किल्ला आहे, जो मराठ्यांनी १७३७ मध्ये जिंकला. संभाजी महाराजांच्या काळी हा सारा प्रांत पोर्तुगीजांचा होता, आणि त्यांच्याच दप्तरात शत्रूची, म्हणून अधिक मोलाची, साक्ष सापडते. १६८३ मध्ये विजरई कोंदी दी आल्व्होर फोंड्याच्या किल्ल्यावर चालून गेला व हात हलवीत परतला. पाठोपाठ मराठे जुवे बेटापर्यंत आले आणि गोवा इतका हादरला की विजरईने आपला राजदंड संत फ्रान्सिस झेवियरच्या पार्थिवापाशी नेऊन ठेवला. तहाच्या बोलाचालीत वकील म्हणून व्हेनिसचा निकोलाव मनुची महाराजांकडे गेला होता. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज कागद धुंडाळून हा काळ प्रकाशात आणला आणि वा. सी. बेंद्रे यांनी दीर्घ परिश्रमानंतर १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्राने चिटणिशी चित्र पालटले. एकाच वेळी औरंगजेब, सिद्दी व फिरंगी यांच्याशी नऊ वर्षे झुंजणारा राजा रात्रंदिवस रंगमहालात पडलेला असतो, हे विधान त्या कागदांपुढे टिकत नाही.

याचा अर्थ महाराज निर्दोष होते, असा नव्हे. डिसेंबर १६७८ मध्ये ते मोगल सरदार दिलेरखानाकडे गेले, भूपाळगडावरील मोगली हल्ल्याच्या वेळी खानाच्या छावणीत होते, आणि तेथील कैद्यांचे हाल पाहून पुढे पन्हाळ्यास परतले. ही त्यांच्या आयुष्यातील मोठी चूक होय, आणि ती लपविणारा चरित्रकार चिटणिसांइतकाच पक्षपाती ठरतो. १६८१ मधील शिक्षाही कठोर होत्या, जरी कटाचा पुरावा होता. या प्रकरणात मला सर्वांत बोलकी वाटते ती बाळाजी आवजींच्या पुत्राची, खंडो बल्लाळांची वर्तणूक: पित्याचा वध करविणाऱ्या राजाची त्यांनी चिटणिशी केली, आणि राजाच्या मृत्यूनंतर राजारामांच्या बिकट काळातही राज्याची सेवा सोडली नाही. ज्याला सूड उगवण्याचे सर्वाधिक कारण होते त्याचे आचरण वंशजाच्या लेखणीहून वजनदार मानावे, असे माझे मत आहे.

आतल्या माणसाचे लिखाण फेकून देऊ नये. त्यातील जे कथन लेखकाला स्वतःला अडचणीत टाकते, त्याच्या बाजूचा दोष मान्य करते किंवा तत्कालीन कागदांशी जुळते, ते पुराव्यास धरावे, आणि जे त्याच्या अपमानाची भरपाई वा आश्रयदात्याची पाठराखण करते ते तपासाधीन ठेवावे. बोल्टन व बारू यांची पुस्तके हाती घेतानाही हीच कसोटी लागू पडते, परंतु तिला कागद लागतात, आणि आपल्याकडचे कागद अजूनही घराघरांच्या माळ्यांवर, पेट्यांत, वाळवीच्या तोंडी आहेत. साष्टी, वसई, कल्याण या टापूत ज्यांच्या घरी मोडी रुमाल, सनदा वा जुन्या जमाबंदीचे कागद असतील, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत; पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेस ते दाखवावेत, निदान त्यांची छायाचित्रे तरी काढू द्यावीत.