दोघांचा डेलिया

डेलियाचं फूल तुम्ही पाहिलं आहे का? पौष-माघाच्या थंडीत हे फूल फुलतं. झेंडूसारखं दाट, पण झेंडूपेक्षा कितीतरी मोठं. काही जातींचं फूल 10 इंच रुंद होतं, म्हणजे ताटलीएवढं! काही जातींचं मात्र लिंबाएवढंच, चेंडूसारखं गोल. रंग पांढरा, पिवळा, लाल, जांभळा असे अनेक.

पुण्याजवळच्या एका गावात एक जोडपं डेलिया लावतं. गावात सगळे त्यांना आबा आणि माई म्हणतात. दोन एकर शेती आहे. घरामागे डेलियाच्या तीस कुंड्या आहेत. पुण्यात एम्प्रेस गार्डन नावाची जुनी बाग आहे. तिथे जानेवारीत फुलांचं मोठं प्रदर्शन भरतं. दोघांनी पहिला डेलिया तिथे पाहिला, आणि त्यांना त्याचा नाद लागला. आम्ही त्यांच्याकडे दोनदा गेलो. जे पाहिलं, ते इथे सांगतो.

डेलिया मूळचा आपल्याकडचा नाही. आपली मिरची आणि मका ज्या मुलखातून आले, त्या मेक्सिको देशातला तो आहे. तिथून त्याचं बी स्पेन देशात गेलं. 1791 साली तिथल्या एका पंडिताने त्याला नाव दिलं. स्वीडन देशात डाल नावाचे वनस्पतींचे अभ्यासक होते. त्यांच्या नावावरून ‘डेलिया’ हे नाव आलं. 1963 साली मेक्सिकोने डेलियाला आपलं राष्ट्रीय फूल ठरवलं.

डेलियाला जमिनीत कंद येतात. ते रताळ्यासारखे दिसतात. पण रताळं आणि हा कंद यांत फरक आहे. डेलियाचा नुसता कंद लावला तर तो उगवत नाही. कंद जिथे खोडाला चिकटलेला असतो, तिथे बारीक डोळा असतो. कोंब त्या डोळ्यातूनच फुटतो. म्हणून कंद वेगळे करताना प्रत्येकाला खोडाचा थोडा भाग ठेवावा लागतो. हे ठाऊक नव्हतं, तेव्हा आबांनी एका वर्षी टोपलीभर कंद वाया घालवले.

पाऊस सरत आला की कंदांना कोंब येतात. कोंब तीन-चार इंच वाढले की माई ते कापतात आणि ओल्या वाळूत लावतात. दोन-तीन आठवड्यांत त्यांना मुळं फुटतात. मग ती रोपं कुंडीत जातात. कुंडीत माती, कुजलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड. ऊन भरपूर हवं. पाणी वेळेवर हवं, पण साचता कामा नये. साचलं की कंद कुजतो. खोड आतून पोकळ असतं, फुलाचा भार त्याला सोसत नाही. म्हणून बांबूची कामटी रोवून सुतळीने सैल बांधतात. लावल्यापासून सुमारे तीन महिन्यांनी फूल येतं.

आता भांडणाची गोष्ट. हो, या फुलापायी दोघांचं भांडणही झालं!

डेलियाच्या शेंड्याला बहुधा तीन कळ्या येतात. मधली मोठी, बाजूच्या दोन लहान. मोठं फूल हवं असेल तर बाजूच्या दोन्ही कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच खुडाव्या लागतात.

“अहो, देवाला वाहायची फुलं ही. कळी खुडायला माझा हात होत नाही,” माई म्हणायच्या.

“अगं, तिन्ही ठेवल्या तर तिन्ही लहान राहतील,” आबा म्हणायचे.

एका सकाळी माई पाणी आणायला गेल्या होत्या. आबांनी न विचारता सगळ्या कळ्या खुडून टाकल्या. दोन दिवस माई बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी आबा त्यांना मळ्यात घेऊन गेले. पाटाचं पाणी तीन सऱ्यांत सोडलं होतं. तिन्हींत ते हळूहळू सरकत होतं. आबांनी दोन सऱ्यांची तोंडं बंद केली. तिसरीत पाणी भरून धावलं. “झाडाचंही असंच,” आबा म्हणाले. “पण तुला न विचारता केलं, ते माझं चुकलं.”

तेव्हापासून निम्म्या कुंड्या प्रदर्शनाच्या आणि निम्म्या देवाच्या. देवाच्या कुंड्यांतली एकही कळी कुणी खुडत नाही. आणि गंमत अशी, की प्रदर्शनाच्या कुंड्यांतल्या कळ्या आता माईच खुडतात. त्यांची बोटं हलकी आहेत.

दुसरी अडचण नावांची होती. लाल फुलाचा कंद आणि पांढऱ्या फुलाचा कंद सारखेच दिसतात. फूल येईपर्यंत काही कळत नाही. बी लावून भागत नाही. आंब्याची कोय लावली तर त्याच चवीचा आंबा येईल असं नाही, तसंच डेलियाच्या बियांचं. तीच जात हवी तर कंद किंवा कोंबच लावावा लागतो. म्हणून कोणता कंद कोणाचा, ही खूण जपावी लागते.

माईंना तेव्हा लिहिता येत नव्हतं. त्या चिंधीला गाठी मारायच्या. पांढऱ्याला एक, पिवळ्याला दोन, लालला तीन. पण जाती अकरा झाल्या. गाठी किती मारणार? एका पावसात चिंध्या कुजल्या आणि सगळे कंद मिसळले. त्याच हिवाळ्यात माई रात्रीच्या साक्षरता वर्गात जाऊन बसल्या. आता त्या पत्र्याच्या पट्टीवर शिसपेन्सिलीने नाव लिहितात. शाई पावसाने धुऊन जाते, पेन्सिलीचं टिकतं.

प्रदर्शनात परीक्षक काय पाहतात? फूल भरलेलं हवं. मागच्या पाकळ्या कोमेजलेल्या नकोत. दाट फुलाच्या मध्ये पिवळी चकती उघडी पडलेली नको. देठ सरळ हवा. पहिल्या वर्षी दोघांनी फुलं ओल्या फडक्यात गुंडाळून एस.टी.ने नेली. पोचेपर्यंत सगळ्यांनी माना टाकल्या. आता ते फुलं पहाटे कापतात आणि लगेच पाण्याच्या बाटल्यांत ठेवतात. बाटल्या खोक्यात बसवून मधे वर्तमानपत्राचे बोळे भरतात. बक्षीस कधी मिळतं, कधी नाही.

प्रदर्शनाच्या कागदावर नावाची एक ओळ असते. पूर्वी तिथे आबा आपलं नाव लिहायचे. आता त्या एका ओळीत दोन नावं असतात, दोन हातांनी लिहिलेली. माईंचं अक्षर जरा मोठं आहे, म्हणून आबा आपलं नाव बारीक लिहितात.

आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पाडवा जवळ आला होता. पानं पिवळी पडली होती. दोघं कंद काढून सावलीत सुकवत होते. निघताना माईंनी एक कंद कागदात बांधून दिला. घरी येऊन पाहिलं, तर कागदावर पेन्सिलीने लिहिलं होतं:

“पांढरा. कोरड्या वाळूत ठेवा. पाऊस सरला की लावा. डोळा वर.”