मच्छीमारी नौकेचे एंजिन : देखभाल व दोषनिवारण

मासेमारी नौकेस गती देणाऱ्या डीझेल एंजिनाची निगा राखणे व त्यातील बिघाड ओळखून दूर करणे. वसई तालुक्यातील अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव इ. ठिकाणचे कोळी यांत्रिक नौका वापरतात. येथील डोळ जाळी भरती-ओहोटीच्या प्रवाहात बांधलेली असून प्रवाह पालटण्याच्या सुमारास ती उचलावी लागतात. उधाणाच्या ओढीत एंजिन बंद पडल्यास नौका जाळ्यांवर किंवा खडकांवर जाऊन खलाशांचे प्राण धोक्यात येतात.

एंजिनाचा खरा शत्रू खारे पाणी होय. समुद्राच्या १ किग्रॅ. पाण्यात सुमारे ३५ ग्रॅ. लवणे असतात. पाणी फार तापल्यास त्यांतील काही तप्त पृष्ठभागावर पुटाच्या रूपाने साचतात व शीतनमार्ग अरुंद होतो. म्हणून प्रत्यक्ष समुद्रजलाने थंड होणारी एंजिने कमी तापमानावर चालवितात. पोलाद व पितळ खाऱ्या पाण्यात एकत्र असल्यास पोलाद झिजते. ते वाचविण्यासाठी जस्ताचे तुकडे बसवितात. ते निम्मे झिजताच बदलावेत. त्यांवर रंग लावणे ही नेहमी आढळणारी चूक आहे, कारण त्यामुळे त्यांचा उपयोगच नाहीसा होतो.

पावसाळ्यात यांत्रिक मासेमारीस बंदी असते. अलीकडे ती बहुधा १ जून ते ३१ जुलै अशी राहिली आहे. या काळात नौका किनाऱ्यावर ओढतात. डागडुजी व रंगकाम आस्थेने होते, एंजिन मात्र ताडपत्रीखाली तसेच राहते. वस्तुतः चालू एंजिनापेक्षा उभ्या एंजिनास गंज अधिक लागतो. नौका ओढण्यापूर्वी एंजिन गरम असतानाच जुने वंगण तेल काढून नवे भरावे, कारण वापरलेल्या तेलातील आम्ले व पाणी धारव्यांना खातात. शीतनमार्ग गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण रिकामा करावा. डीझेलची टाकी भरलेली ठेवावी; अर्धवट टाकीत दमट हवेतील बाष्पाचे पाणी होऊन ते इंधनात उतरते. धूर जाण्याची नळी झाकावी, बॅटरी सोडवून ठेवावी व दर आठवड्यास एंजिन हाताने थोडे फिरवावे.

समुद्रावर एंजिन तापू लागल्यास प्रथम बाहेर पडणारे पाणी पाहावे. ते कमी असल्यास पाणी घेण्याच्या तोंडाशी प्लॅस्टिकची पिशवी अडकलेली असण्याचा संभव मोठा असतो. पंपातील रबरी चक्र कोरडे फिरल्यास काही मिनिटांत निकामी होते, म्हणून सुटे चक्र नौकेवर असावे. तापलेल्या एंजिनावर थंड पाणी कदापि ओतू नये. सिलिंडरचे शीर्ष तडकते. एंजिन सुरूच होत नसेल, तर इंधन नळीत हवा धरली आहे काय ते पाहून ती काढावी व गाळणीतील पाणी सोडावे. काळा धूर अपुरी हवा किंवा अतिभार दर्शवितो, निळा धूर वंगण तेल जळत असल्याचे, तर पांढरा धूर न जळलेले इंधन किंवा सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी यांचे लक्षण असते.

एंजिन चांगले चालूनही नौका थरथरत असल्यास पंख्यास जाळ्याचा दोर गुंडाळला गेला आहे काय, ते एंजिन बंद करूनच पाहावे. बंदीनंतर प्रथमच पाण्यात उतरलेल्या लाकडी नौकेत या थरथरीचे दुसरेही कारण असते. सुकलेले लाकूड फुगून तळाचा आकार किंचित बदलतो व एंजिन आणि पंख्याचा दंड एका रेषेत राहत नाहीत. यासाठी ही जुळणी किनाऱ्यावर न करता नौका काही दिवस तरंगल्यावर तपासतात.