परिषदेचे स्थलांतर : पर्यायी स्थळाच्या निवडीचा विचार (मराठवाड्याच्या संदर्भात)

प्रस्तावना

महाविद्यालयीन परिषदा व चर्चासत्रे यांचा हंगाम साधारणतः डिसेंबर ते मार्च असा असतो. प्रथम सत्राच्या परीक्षा आटोपलेल्या असतात, पाऊस संपलेला असतो आणि मंजूर अनुदान ३१ मार्चपूर्वी खर्ची घालावयाचे असते. यांपैकी पाऊस संपल्याचे गृहीतक आता विश्वासार्ह राहिलेले नाही. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा व विदर्भात गारपीट झाली, ती ऐन परिषदांच्या दिवसांत. २०२१ च्या डिसेंबरात पहिल्याच आठवड्यात अवकाळी पाऊस झाला. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने तर मराठवाड्यातील बहुतेक सर्व जिल्ह्यांचे जनजीवन विस्कळीत केले.

असे असूनही संयोजन समितीच्या कामांच्या यादीत बीजभाषक, निमंत्रणपत्रिका, स्मरणिका, भोजन आणि प्रमाणपत्रे यांना जे स्थान असते ते पर्यायी स्थळाला नसते. त्याचा विचार सुरू होतो तो मंडप भिजल्यावर अथवा रस्ता बंद झाल्यावर. पर्यायी स्थळ कोणत्या निकषांवर निवडावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी प्रथम एका जुन्या उदाहरणाकडे वळावे लागेल. तेथे स्थलांतराचे कारण हवामान नव्हते, रोगाची साथ होती. परंतु संयोजकांपुढील प्रश्न तोच होता आणि तो त्यांनी मोजक्या दिवसांत सोडविला.

पुण्याहून मुंबईस : डिसेंबर १८८५

भारतीय राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन मुंबईस भरले, हे सर्वश्रुत आहे. ते मूळात पुण्यास भरावयाचे होते. मार्च १८८५ मध्ये निघालेल्या परिपत्रकात २५ ते ३१ डिसेंबर हा काळ व पुणे हे स्थळ निश्चित केले होते. १८७० साली स्थापन झालेली पुणे सार्वजनिक सभा ही यजमान संस्था होती. पर्वतीजवळील पेशव्यांच्या बागेत एक चांगले सभागृह होते. सभा तेथेच आणि प्रतिनिधींचा निवासही तेथेच, अशी योजना होती. या परिपत्रकातील एक बारकावा आजच्या संयोजकाने ध्यानात घेण्याजोगा आहे. प्रतिनिधी शहरभर निरनिराळ्या बिऱ्हाडांत विखुरण्याऐवजी आठवडाभर एकत्र राहिले तर परस्परांशी परिचय व विचारविनिमय अधिक होईल, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. पुणे स्थानकावर उतरल्यापासून पुन्हा गाडीत बसेपर्यंत वाहन, निवास व भोजन यांची जबाबदारी यजमानांनी पत्करली होती.

सर्व सिद्धता होत आली असता पुण्यात पटकीचे काही रुग्ण आढळले. साथ पसरेल की नाही हे कोणासही सांगता येत नव्हते. तरीही परप्रांतांतून येणाऱ्या पाहुण्यांना धोक्यात घालणे योग्य नव्हे, असे ठरवून अधिवेशन मुंबईस हलविण्यात आले. गोवालिया तलावाजवळील गोकुळदास तेजपाल संस्कृत महाविद्यालय व त्याचे वसतिगृह यांच्या व्यवस्थापकांनी आपल्या इमारती उपलब्ध करून दिल्या. जानेवारी १८८५ मध्येच स्थापन झालेल्या बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशनने व्यवस्थेचा भार उचलला. २८ डिसेंबर रोजी व्योमेशचंद्र बॅनर्जी यांच्या अध्यक्षतेखाली ७२ प्रतिनिधींची सभा सुरू झाली. नियोजित प्रारंभापेक्षा केवळ तीन दिवस उशीर झाला.

हे कसे साध्य झाले? केवळ उत्साह हे त्याचे उत्तर नव्हे. नव्या स्थळी सभागृह व निवास एकाच आवारात होते, म्हणजे मूळ योजनेचा गाभा कायम राहिला. तेथे काम अंगावर घेणारी दुसरी संस्था अगोदरच अस्तित्वात होती. आणि तिसरी गोष्ट रेल्वेची. मद्रासकडून रायचूरमार्गे येणारी गाडी पुण्यावरूनच मुंबईस जात असे, तर कलकत्त्याकडून येणाऱ्यास मुंबईचा मार्ग पुण्याहून सोपाच होता. निघालेल्या प्रतिनिधीस मार्ग बदलावा लागला नाही; फार तर काही स्थानके पुढे जावे लागले. पर्यायी स्थळ हे प्रतिनिधींच्या वाटेवर असावे, परंतु मूळ स्थळाच्या संकटात भागीदार नसावे, हा निकष येथे प्रत्ययास येतो. इतर सर्व सोयी त्यानंतरच्या.

मराठवाड्याच्या नकाशावर हाच निकष

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथे भरणाऱ्या परिषदेस हा निकष लावून पाहू. मुंबईकडून रेल्वेने येणारा प्रतिनिधी नाशिक रोड व मनमाडमार्गे येतो. तीच गाडी पुढे जालना, परभणीकडे जाते. जालना सुमारे ६० किलोमीटरवर, त्याच लोहमार्गावर. त्यामुळे पर्याय म्हणून प्रथम जालना सुचते आणि सभागृहातील नळ आटले वा छत गळले, इतपत अडचण असेल तर ते योग्यही आहे. परंतु सप्टेंबर २०२५ सारख्या अतिवृष्टीत दोन्ही जिल्हे एकाच वेळी सापडतात. अशा प्रसंगी वाटेवरच अलीकडे असलेले नाशिक अधिक सयुक्तिक ठरते. पुण्याहून येणाऱ्यांचे गणित मात्र वेगळे आहे. त्यांचा रस्ता कायगाव टोका येथे गोदावरी ओलांडतो; नदी फुगली की प्रथम चौकशी करावी ती या पुलाची. म्हणून प्रतिनिधी प्रामुख्याने कोणत्या दिशेने येणार, याची नोंद नोंदणी अर्जातच घेतली तर निर्णय अंदाजावर सोडावा लागत नाही.

संकटाचा प्रकारही पाहिला पाहिजे. पैठण येथे संतसाहित्यावर परिषद आयोजित करण्याचा मोह स्वाभाविक आहे. ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडीतून सोडलेल्या पाण्याने पैठण शहरात पूर आला होता. सप्टेंबर २०२५ मध्येही गोदाकाठच्या लोकांना हलवावे लागले. परंतु हा पूर अवचित येत नाही. नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील पावसाचे पाणी नाथसागरात येण्यास अवधी लागतो आणि धरणातील साठा व विसर्ग यांचे आकडे जाहीर होत असतात. ते पाहून दोन दिवस आधी गाव बदलता येते. गारपीट असा अवधी देत नाही. तिच्यासाठी दुसरे गाव शोधणे निरर्थक आहे. मंडपातील कार्यक्रम त्याच आवारातील पक्क्या इमारतीत हलविता येईल का, एवढाच प्रश्न उरतो. मंडपात पाचशे खुर्च्या मांडावयाच्या आणि महाविद्यालयाचे सभागृह दोनशेंचे, ही आपल्याकडील नित्याची स्थिती आहे. अशा वेळी उद्घाटन सभागृहात उरकून निबंधवाचनाची सत्रे वर्गखोल्यांत विभागणे, हाच मार्ग राहतो. त्यासाठी त्या दिवशी वर्ग मोकळे ठेवण्याची लेखी परवानगी मात्र आधी हवी.

दुष्काळ हेही हवामानाचेच संकट आहे, हे आपण सहसा विसरतो. १३ एप्रिल २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला. त्याच महिन्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी पोहोचविले जात होते. क्रिकेटच्या मैदानास लावलेला न्याय परिषदेच्या भोजनगृहास का लावू नये, हा प्रश्न मार्चअखेरीस दोनशे पाहुणे बोलाविणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाने स्वतःस विचारावा.

नाशिकचा अनुभव व आकाराचा प्रश्न

९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन मार्च २०२१ मध्ये नाशिक येथे गोखले एज्युकेशन सोसायटीच्या प्रांगणात भरावयाचे होते. करोनामुळे ते पुढे ढकलले गेले आणि ३ ते ५ डिसेंबर २०२१ या काळात आडगाव येथील भुजबळ नॉलेज सिटीच्या आवारात झाले. संमेलनाच्या तोंडावर पाऊस आलाच. शहराबाहेरील विस्तीर्ण शैक्षणिक संकुलात इमारती व मोकळी जागा दोन्ही असतात. परंतु पायी अथवा रिक्षाने सहज येणारा स्थानिक श्रोता तेथे दुरावण्याचा संभव असतो. पर्यायी स्थळ निवडताना हे मूल्य मोजावेच लागते.

आकार जसा वाढतो तसे स्थलांतर अवघड होते. अमेरिकेतील राज्यशास्त्र अभ्यासकांची वार्षिक परिषद ३० ऑगस्ट २०१२ पासून न्यू ऑर्लिन्स येथे व्हावयाची होती. आयझॅक चक्रीवादळामुळे ती रद्द करावी लागली. हजारो अभ्यासकांची परिषद आयत्या वेळी अन्य शहरात नेणे व्यवहार्य नव्हते. आपल्या महाविद्यालयीन परिषदा मात्र शंभर-दोनशे प्रतिनिधींच्या, म्हणजे १८८५ च्या ७२ प्रतिनिधींना अधिक जवळच्या असतात. त्या हलविता येतात. रद्द करण्याची घाई नको. परिषद रद्द झाली की ज्येष्ठ प्राध्यापकाचे फारसे बिघडत नाही. आपला पहिला निबंध घेऊन रात्रभर एस. टी. ने प्रवास करून येणाऱ्या तासिका तत्त्वावरील अध्यापकाचे बिघडते.

२०२० नंतर आभासी परिषदेचा पर्याय सर्वांनाच सुचतो आणि अपरिहार्य प्रसंगी तो स्वीकारावाही. परंतु प्रतिनिधींनी एकत्र राहावे म्हणून बागेतच निवासाची योजना करणाऱ्या संयोजकांनी काय साधावयाचे ठरविले होते, हे आठवले म्हणजे पडद्यावरील परिषदेत काय हरवते ते कळते.

निर्णय व यजमानपद

स्थलांतराचा निर्णय कोणी व केव्हापर्यंत घ्यावयाचा, हे पहिल्या बैठकीच्या इतिवृत्तातच नोंदवावे. प्राचार्य, संयोजक व पर्यायी संस्थेचा एक प्रतिनिधी अशी तिघांची समिती पुरेशी आहे. मोठी समिती पावसापेक्षा उशिरा पोहोचते. पर्यायी संस्थेशी सभागृह, वसतिगृहातील खोल्या व स्वयंपाकघर यांबाबत पत्रव्यवहार करून ठेवावा. स्थळबदलास अनुदान देणाऱ्या संस्थेची अनुमती लागते काय, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

मूळ यजमानांचे काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेने सर्व सिद्धता केली आणि पहिल्या अधिवेशनाचा मान मुंबईस मिळाला. पुण्यास राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले ते १८९५ साली, सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्या अध्यक्षतेखाली. तोवर दहा अधिवेशने अन्यत्र होऊन गेली होती. तालुक्याच्या गावातील एखादे महाविद्यालय वर्षभर खपून प्रथमच परिषद आयोजित करते, तेव्हा स्थलांतराने त्याचा हा मान जाऊ नये. नव्या स्थळीही संयोजक म्हणून त्याच महाविद्यालयाचे नाव राहावे, स्मरणिका त्यानेच काढावी आणि पुढील वर्षीची परिषद त्याच्याकडे द्यावी, अशी तरतूद दोन्ही संस्थांमधील पत्रात आधीच करता येते.