जुनी येझदी घेताना : काही प्रत्यक्ष तपासण्या

बालरोगतज्ज्ञाचा रुग्ण आपली तक्रार स्वतः सांगत नाही. सांगते ती आई, कधी आजी, आणि त्या सांगण्यात माया असते, भीती असते, क्वचित थोडी लपवालपवही असते. खोकला 'कालपासून' आहे असे सांगितले जाते तेव्हा तो बहुधा आठ दिवसांचा असतो. जुनी मोटरसायकल विकत घ्यायला गेलेल्या माणसावर नेमका हाच प्रसंग येतो. यंत्र मुके असते, इतिहास विकणारा सांगतो, आणि खरे काय ते आपल्याला डोळे, हात, कान आणि नाक यांच्या साहाय्याने ठरवावे लागते.

हा विषय स्मरणिकेत यावा याला एक कारण घडले. पेडणे तालुक्यात काम करणारे आमचे एक तरुण सहकारी गेल्या वर्षी माझ्याकडे आले. रविवारी साखळीहून चोर्ल्याकडे, कधी दोडामार्गावरून तिळारीच्या बाजूला, डांबर सोडून आतल्या वाटांनी हिंडण्यासाठी त्यांना जुनी येझदी हवी होती. दोन गाड्या त्यांच्या दृष्टीस पडल्या होत्या. एक हरमलला, १९८४ सालची, ताज्या रंगाने लखलखणारी. दुसरी डिचोली तालुक्यातल्या एका खेड्यात, १९७४ सालची, गोठ्यालगतच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी. माझ्याकडे अशा दोन गाड्या आहेत आणि एका गाडीपायी मोडलेले गळ्याचे हाडही आहे. तेव्हा सल्ला देण्याचा थोडा अधिकार मला पोहोचतो.

रानवाटांसाठी म्हणून खास बनवलेली मोटरसायकल आपल्या बाजारात फार उशिरा आली. हीरोची 'इम्पल्स' २०११ मध्ये निघाली आणि काही वर्षांत बंदही झाली. त्यापूर्वीची दोन पिढ्यांची रानवाट राजदूत, बुलेट आणि जावा-येझदी यांनीच तुडवली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्याने १९६१ पासून जावा बनू लागली. १९७३ पासून तीच घराणी 'येझदी' या नावाने पुढे चालली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २०२२ मध्ये येझदी हे नाव बाजारात परतले, पण त्या नव्या चार-स्ट्रोक गाड्यांचा आणि या लेखाचा काही संबंध नाही. आपली येझदी म्हणजे अडीचशे सीसीची दोन-स्ट्रोक, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर असलेली, जिचा गियरचा दांडाच वर वळवला की किक होते ती. रचना साधी, सांगाडा दणकट, आणि कमी वेगात चढावर ओढण्याची ताकद विलक्षण. खाणपट्ट्यातल्या लाल मातीच्या चढावांवर ती एके काळी सर्रास दिसे.

पहिली तपासणी कागदांची. आमच्या सहकाऱ्यांना ती शेवटी करायची होती, कारण गाडी आवडली की कागद 'होतात' असा सर्वसाधारण समज आहे. ते होत नाहीत. आर.सी. बुकातला इंजिन क्रमांक आणि चासी क्रमांक गाडीवर ठोकलेल्या क्रमांकांशी अक्षरशः जुळला पाहिजे. कापडाने धूळ पुसून, विजेरी धरून, स्वतः वाचावा. क्रमांकाभोवतीची जागा घासलेली किंवा अंक वेड्यावाकड्या ओळीत दिसले तर तेथूनच परत फिरावे. नोंदणी पंधरा वर्षांची असते व त्यापुढे दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण लागते. ते राहून गेले असेल तर दंड आणि शुल्क कोणाच्या खिशातून जाणार हे आधी ठरवावे. गाडी सीमेपलीकडच्या बांदा-सावंतवाडीकडची असेल तर तिकडच्या कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे.

डिचोलीच्या गाडीचे मालक आठ वर्षांपूर्वी वारले होते आणि आर.सी. बुकावर अजून त्यांचेच नाव होते. गोव्यात हा मुद्दा किरकोळ नाही. विवाहसमयी वेगळा करार केलेला नसेल तर आपल्याकडच्या नागरी कायद्याने पतिपत्नीची मालमत्ता सामाईक असते. म्हणजे त्या गाडीचा अर्धा भाग विधवा पत्नीचा आणि उरलेल्या अर्ध्यावर मुलांचा हक्क. मोटर वाहन नियमांनुसार मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने फॉर्म ३१ भरून गाडी प्रथम आपल्या नावावर करून घ्यायची आणि मगच ती विकायची. त्या बाईंचा एक मुलगा परदेशी, दुसरा फोंड्याला. 'मी सही करते, घेऊन जा,' असे त्या निर्मळ मनाने म्हणाल्या. तशी गाडी नेली असती तर विम्याच्या दृष्टीने ती मृताचीच राहिली असती, आणि एखाद्या अपघातात त्या बाईंच्या दारी नोटीस गेली असती.

याच संदर्भात 'व्हिंटेज नंबर' या आमिषाबद्दल लिहिले पाहिजे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने नियम केले : प्रथम नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनाला 'व्हीए' अक्षरे असलेला वेगळा क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. विकणारे हा मोठा मान म्हणून सांगतात. परंतु अशी गाडी नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती बाहेर निघते. ज्याला दर रविवारी चोर्ला गाठायचा आहे त्याने हा मान नम्रपणे नाकारावा आणि साध्या नोंदणीचे नूतनीकरण करून घ्यावे.

आता प्रत्यक्ष तपासणी. गाडीजवळ गेल्यावर पहिली कृती म्हणजे इंजिनवर हात ठेवणे. आपण ताप पाहतो तसाच. इंजिन कोमट लागले तर आपण येण्यापूर्वी विकणाऱ्याने ते चालू करून ठेवले आहे असे समजावे. म्हणजे थंड इंजिनाची कुरकुर त्याला दाखवायची नाही. अशा वेळी चहा घ्यावा, गप्पा माराव्यात, ते गार होऊ द्यावे. गार इंजिन किकेला किती विरोध करते यावरून सिलिंडरमधील दाबाचा बरा अंदाज येतो. किकेवर वजन टाकताच दांडा लोण्यात गेल्यासारखा खाली गेला तर रिंगा आणि पिस्टन झिजले आहेत.

दोन-स्ट्रोक इंजिनाचा खरा प्राण मात्र त्याच्या क्रँककेसच्या सीलमध्ये असतो आणि ग्राहक नेमके तेच विसरतात. या इंजिनात पेट्रोल आणि तेलाचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये ओढले जाते व तेथून सिलिंडरमध्ये ढकलले जाते. त्यामुळे क्रँकच्या दोन्ही बाजूंची रबरी सीले हवाबंद असावी लागतात. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीची सीले कडक होऊन तडकतात. क्लचच्या बाजूचे सील गेले तर तिकडचे तेल आत ओढले जाते. जाड पांढरा धूर, उग्र वास, आणि खाली एक थेंबही न गळता घटणारे तेल ही त्याची लक्षणे. डायनामोच्या बाजूचे सील गेले तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण विरळ होते, आणि इंजिन आतून तापत जाते. हा दोष अधिक घातक, कारण त्यात धूर नसतो. उलट गाडी चपळ वाटते. थ्रॉटल सोडल्यावर आवाज लगेच खाली न येता क्षणभर वर रेंगाळतो, एवढीच काय ती खूण.

ही खूण मी २००९ मध्ये स्वतःच्या कानांनी ऐकली होती आणि तिला गाडीचा 'जोम' समजलो होतो. नुकतीच घेतलेली येझदी घेऊन डिसेंबरात बेळगावहून परतत होतो. चोर्ल्याच्या उतारावर थ्रॉटल मिटून, गियरच्या आधाराने गाडी उतरवीत होतो. या इंजिनात तेल पेट्रोलबरोबरच येते. थ्रॉटल मिटला की तेलही आटते. आधीच विरळ मिश्रणाने तापलेला पिस्टन सिलिंडरला चिकटला, मागचे चाक जागच्या जागी जखडले आणि एका क्षणात मी रस्त्यावर होतो. क्लच दाबायचे सुचले ते पडल्यानंतर. गळ्याचे हाड मोडले, एवढ्यावर निभावले. मागून ट्रक येत नव्हता याचे श्रेय माझ्याकडे नाही. तेव्हापासून लांब उतारावर माझी दोन बोटे क्लचवर असतात, आणि मधूनमधून थ्रॉटल किंचित उघडून इंजिनाला तेलाचा घोट पाजण्याची सवय झाली आहे. विकणाऱ्याला दोष ठाऊक होता की नव्हता, हे मी कधी विचारले नाही. इंजिन मात्र मी गेलो तेव्हा कोमट होते.

इंजिन चालू झाल्यावर दोन्ही सायलेन्सरांपुढे तळहात धरावा. एकीकडून जोर अगदी कमी असेल तर आत काजळी साचली आहे. ती साफ होते, घाबरण्याचे कारण नाही. खोल, जड ठोका क्रँकच्या बेअरिंगचा असतो व तो महागात पडतो. वरचा किणकिण आवाज गजन पिनचा, त्याचा खर्च बेताचा. त्यानंतर गाडी पंधरावीस मिनिटे चालवून चांगली गरम करावी, बंद करावी, पाच मिनिटे थांबून पुन्हा किक मारावी. थंड असताना हसतखेळत सुरू होणारी गाडी गरम झाल्यावर हटून बसली तर कंडेन्सर किंवा इग्निशन कॉइल दमली आहे. हे भाग स्वस्त आहेत, पण रानात संध्याकाळी सहा वाजता तेच सर्वांत महाग ठरतात.

आमच्या दोन तालुक्यांत गाड्यांना होणारे आजार वेगळे आहेत, ही गोष्ट मला फार उशिरा उमगली. पेडण्याच्या किनारपट्टीची गाडी बाहेरून मरते. खारा वारा क्रोमखाली शिरतो, रिमच्या आतल्या बाजूला, मडगार्डच्या घडीत आणि टाकीच्या तळाशी गंज धरतो. डिचोलीच्या खाणपट्ट्यातली गाडी आतून मरते. खनिजाची ती तांबडी धूळ कठीण असते; हवेची गाळणी फाटकी असेल तर ती सिलिंडरमध्ये जाऊन कानशीसारखे काम करते. त्याच धुळीने आमच्या बाह्यरुग्ण विभागात वर्षानुवर्षे खोकणारी मुले आणली, तेव्हा तिची ओळख मला नव्याने करून घ्यावी लागली नाही. म्हणून किनाऱ्यावरच्या गाडीचा पत्रा आणि सांगाडा तपासावा, खाणीकडच्या गाडीची गाळणी आणि सिलिंडर.

यासाठी साधने घरगुती पुरतात. कापडात गुंडाळलेले लोहचुंबक टाकीवर फिरवावे. जेथे ते चिकटत नाही तेथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. टाकीचे झाकण उघडून विजेरीने आत पाहावे. चाकाच्या तारा पान्याने एकेक वाजवाव्यात. सैल तारेचा आवाज बद्द येतो. दोन्ही चाकांना लगटून सुतळी ताणली की सांगाडा वाकलेला आहे का ते कळते. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवावे. मध्यावर खाच लागल्यासारखे अडले तर बेअरिंग गेले. सांगाड्याच्या जोडांवर एकाच ठिकाणी ताजा रंग असेल तर त्याखाली वेल्डिंग असण्याचा संभव मोठा.

हरमलच्या गाडीच्या टाकीला खालच्या बाजूने चुंबक कोठेच धरेना. मागच्या चाकाच्या दांड्याजवळ रंग खरवडला तेव्हा वेल्डिंगची ओबडधोबड ओळ निघाली. मालक शांतपणे म्हणाला, 'दोतोर, तुम्ही गाडी घ्यायला आलात की पोस्टमॉर्टेम करायला?' आम्ही त्याचे आभार मानून निघालो.

आजच्या पेट्रोलविषयी एक गोष्ट. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतली ओल शोषते, जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर मऊ करते, आणि टाकीतला सुटा गंज कार्बोरेटरपर्यंत पोहोचवते. आमच्या पावसाळ्यात चार महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी रिकामी करून ठेवावी आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या बसवाव्यात. तेलाचे प्रमाण पेट्रोलच्या लिटरला साधारण चाळीस मिलिलिटर, मापाने मोजून. अंदाजाने ओतलेले तेल आणि अंदाजाने दिलेले सिरप यांचे परिणाम सारखेच होतात. आणखी एक, माझ्या व्यवसायामुळे लिहिल्यावाचून राहवत नाही : या गाडीची टाकी रुंद आहे म्हणून तीवर लहान मूल बसवण्याची जुनी चाल आहे. चार वर्षांखालील मुलासाठी हेल्मेट, पट्टा आणि ताशी चाळीस किलोमीटरची मर्यादा २०२३ च्या फेब्रुवारीपासून बंधनकारक आहे. ब्रेक दोन्हीकडे जुन्या पद्धतीचे ड्रमचे. पाण्यातून गेल्यावर ते काही क्षण धरतच नाहीत.

डिचोलीच्या गाडीचे इंजिन धुळीने माखलेले, पण दोन्ही क्रमांक स्वच्छ जुळत होते. किकेला विरोध चांगला होता. टाकीत गंज होता, पुट्टी नव्हती. आम्ही ती त्या दिवशी चालू करून पाहिली नाही, कारण आठ वर्षे उभ्या इंजिनाला सील न बदलता फिरवण्यात शहाणपण नव्हते. फॉर्म ३१ चे सोपस्कार, परदेशातल्या मुलाचे संमतिपत्र आणि नूतनीकरण यांत पाच महिने गेले. मग गाडी टेम्पोत घालून म्हापशाच्या मेस्त्रींकडे नेली. त्यांनी क्रँककेस उघडली तेव्हा डायनामोच्या बाजूचे सील हातातच तुकडे होऊन आले. सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन बसवावा लागला. खरेदीच्या किमतीइतकाच खर्च त्यावर झाला, आणि तो आम्ही आधीच हिशेबात धरलेला होता.

गेल्या माघात गाडी प्रथम त्या बाईंच्या अंगणात नेली. आवाज ऐकून त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि गाडीकडे न पाहता आधी रस्त्याकडे पाहू लागल्या. आमच्या सहकाऱ्यांनी इंजिन लगेच बंद केले. टाकीतला गंज अजून पुरता गेलेला नाही. दर महिन्याला कार्बोरेटरची वाटी उघडून पुसावी लागते.