घुबडाचें छायाचित्र व एका डोळ्याचें मोल

शिकारी पक्ष्यांचीं जवळून छायाचित्रें घेणें हें धाडसापेक्षां सबुरीचें काम आहे. घरट्याजवळ कापडी आडोसा एकदम उभा केल्यास पक्षी घरटें टाकून जाण्याचा संभव असतो; म्हणून तो थोडथोडा पुढें सरकवावा लागतो. अशा कामांत मुरलेले इंग्रज छायाचित्रकार एरिक हॉस्किंग यांजवर सन १९३७ सालीं वेल्समध्यें कठीण प्रसंग ओढवला. रात्रीं उंच मचाणावरील आडोशाकडे चढत असतां, घरटें राखणाऱ्या तपकिरी घुबडानें त्यांजवर झडप घातली. घुबडाच्या पंखांचा आवाज होत नाहीं. त्यामुळें सावध होण्यास अवधीच मिळाला नाहीं. नखी रुतून त्यांचा डावा डोळा कायमचा गेला. तथापि त्यांनीं घुबडांशीं वैर धरिलें नाहीं. सन १९४८ सालीं चोंचींत भक्ष्य घेऊन उडणाऱ्या गव्हाणी घुबडाचें जगप्रसिद्ध छायाचित्र टिपलें तें त्यांनींच.

हें गव्हाणी घुबड आपल्या गांवांतही असतें. पुष्कळ लोक त्यास अशुभ मानून दगड मारितात. परंतु शेतांतील व कोठारांतील उंदीर खाऊन तें आपलें धान्यच राखतें. ज्यांचा डोळा गेला त्यांनीं वैर धरिलें नाहीं; मग ज्यांचें धान्य वांचतें त्या आपण शेतकऱ्यांनीं तें कां धरावें?