अर्धा तास थेरपीचा, उरलेला दिवस घराचा

बाळाने तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मान धरावी, आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत आधाराशिवाय बसावे, दीड वर्षाच्या आत चालू लागावे, असा साधारण क्रम असतो. तो फार मागे पडला की नुसत्या औषधाने भागत नाही. बसणे, गिळणे, धरणे, बोलणे हे सगळे शिकवून घ्यावे लागते. हे काम बालपुनर्वसनाचे. पक्षाघात झालेल्या प्रौढाला गेलेली हालचाल परत मिळवायची असते, तर अशा मुलाला मुळात न आलेली हालचाल पहिल्यांदा शिकायची असते, तीही रोज वाढणाऱ्या शरीरानिशी.

एके काळी या उपचारांची गरज मुख्यतः पोलिओमुळे लागे. मुंबईत स्वतःच्या मुलीच्या पोलिओने हलून गेलेल्या फातेमा इस्माईल यांनी 1947 च्या सुमारास अशा मुलांसाठी काम उभे केले आणि पुढे हाजी अलीला मुलांचे अस्थिरुग्णालय झाले. भारतातला पोलिओचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी 2011 मध्ये सापडला. आता सर्वांत मोठा गट सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे दवाखान्याच्या बोलीतल्या 'सीपी'चा आहे. हजार जन्मांमागे साधारण दोन-तीन मुलांना ती असते. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताना कमी पडलेला प्राणवायू, तीव्र कावीळ, मेंदूतला जंतुसंसर्ग ही तिची काही कारणे. आई तेच आपल्या शब्दांत सांगते : 'उशिरा रडलं', 'काचेच्या पेटीत होतं'. मेंदूची इजा पुढे वाढत नाही, पण तिचे परिणाम वाढतात. पोटऱ्या आखडतात, मांड्या कात्रीसारख्या एकमेकींवर येतात, खुबा हळूहळू जागेवरून सरकतो. उपचार लवकर सुरू करण्याचा आग्रह असतो तो यामुळेच.

नागपुरात पुनर्वसनाच्या शिक्षणाला जुना इतिहास आहे. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे नागपूरकरांच्या 'मेडिकल'मध्ये, ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण 1950 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. देशातली या विषयाची पहिली शाळा 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी काढली होती, आणि नागपूरची शाळा त्यानंतरची. निंबकर मूळच्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. इतक्या मोठ्या कामामागची ही बाई मराठी वाचकाला फारशी ठाऊक नाही, हे नवलच.

फिजिओथेरपिस्ट बसणे, उभे राहणे, चालणे पाहतो. ऑक्युपेशनल थेरपिस्टचे लक्ष हाताच्या कामावर असते : चमचा धरणे, बटण लावणे, पाटीवर रेघ ओढणे. वाचा-उपचारतज्ज्ञ बोलण्याबरोबर गिळणेही तपासतो. ताठर स्नायूंना बोटुलिनमचे इंजेक्शन, पावलाला स्प्लिंट आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया अशी साधनेही आहेत. पण मूल ज्या गोष्टी स्वतः, खऱ्या कामासाठी, पुन्हा पुन्हा करते त्याच मेंदूत रुजतात. आठवड्यातून दोनदा अर्धा तास दुसऱ्याने हातपाय हलवून दिल्याने ते साधत नाही. चांगला थेरपिस्ट म्हणूनच मुलाइतकाच वेळ आईला शिकवण्यात घालवतो.

भरवण्याचेच पाहा. आपल्याकडे तान्ह्याला मांडीवर आडवे घेऊन बोंडल्याने पाजण्याची रीत जुनी आहे. सीपी असलेले मूल मोठे झाले तरी अनेकदा तसेच आडवे भरवले जाते, कारण ते बसत नाही. त्यात घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, आणि मग न्युमोनिया वारंवार होतो. उपाय खर्चाचा नाही. पाठ सरळ, मान किंचित पुढे, हनुवटी खाली, पाय टेकलेले. चमचा वरून नाही, समोरून न्यायचा. पातळ पेजेपेक्षा घट्टसर खिमट किंवा मऊ वरणभात बऱ्याच मुलांना सोपा जातो. बसता येत नसेल तर भिंतीच्या कोपऱ्यात उशा लावूनही बैठक जमवता येते. ताठर पायांच्या मुलाला छातीशी सरळ धरण्याऐवजी कडेवर, पाय फाकवून घेतले की तोच एक व्यायाम होतो.

नागपुरातच सक्करदरा चौकात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय व रुग्णालयही आहे. आयुर्वेदात कौमारभृत्य ही मुलांची स्वतंत्र शाखा, आणि अभ्यंग, स्वेदन, बस्ती हे उपचार अशा मुलांना आयुर्वेद रुग्णालयांत दिले जातात. तेलाच्या मालिशने मूल सैलावते, झोपही बरी लागते. मात्र मालिश झाली म्हणजे व्यायाम झाला, हा समज खोटा. सीपी असलेल्या अनेक मुलांना फिट्सही येतात. त्यांची औषधे दुसरा उपचार सुरू केला म्हणून परस्पर थांबवणे धोक्याचे असते.

जन्मतः वाकडी असलेली पावले, म्हणजे क्लबफूट, हा सीपीच्या मानाने सरळ मामला. पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाच-सहा आठवड्यांत पाऊल वळणावर येते आणि बहुतेकांना टाचेच्या शिरेवर छोटा छेद पुरतो. खरी परीक्षा नंतरची. दांडीला जोडलेले बूट तीन महिने दिवसाचे तेवीस तास, आणि मग चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपेत घालायचे. 'पाय तर सरळ झाला' म्हणून बूट सुटले की पाऊल पुन्हा वळते.

मुले उपचारांना उशिरा येतात त्यामागे घरातली समजूतही असते : 'याचे वडीलही उशिरा चालले.' राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरहून सुरू झाला, त्याचा एक हेतू अशी मुले लवकर शोधण्याचा. पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा तपासणी करतात आणि अडचण आढळलेल्या मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. अठरा वर्षांपर्यंतची मुले यात येतात.

सीपी असलेल्या मुलाची उंची पुढच्या वर्षांत झपाट्याने वाढली की सैल झालेले स्नायू पुन्हा ताणतात, स्प्लिंट अपुरे पडते, खुब्याचा एक्स-रे ठरावीक काळाने काढावा लागतो. लांबत जाणाऱ्या या उपचारांना सरकारी आधारही आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगता धरली आहे. प्रमाणपत्राबरोबर युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, मिळते. सीपी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय ही विमा योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते, आणि भरती न होता घेतलेल्या थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत त्यात बसतो.